राखीव श्रद्धांजली

सरणाला अग्नी दिला की माणसातलं जे काही वाईट असतं ते देहाच्या आधी जळून जातं, आणि मागं उरतं ते निव्वळ निर्मळ, निःस्वार्थी, परोपकारी आयुष्य. तामलवाडीच्या आसपासच्या पंधरा-वीस गावांत हे सत्य गेली चौदा वर्षं निर्विवाद होतं. याचं कारण एवढंच, की सरणाच्या एका अंगाला, धूर तोंडावर येणार नाही असा बेत साधून, हातात माईक घेऊन आण्णासाहेब लोमटे उभे असत.

आपल्याकडं मयताला नुसता अग्नी देऊन भागत नाही. कवटी फुटेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागतं, आणि चार-पाचशे माणसं एका जागी रिकामी बसलेली कुणालाच बघवत नाहीत, म्हणून श्रद्धांजलीची भाषणं होतात. आधी सरपंच, मग माजी सरपंच, मग पुढं सरपंच होऊ पाहणारा. हे तिघं काय बोलतात याकडं कुणाचं लक्ष नसतं. लोक मोबाईल बघतात, सोयाबीन किती क्विंटल निघालं ते बोलतात. मग आण्णासाहेब माईकवर एकदा खाकरत, आणि आठवडी बाजारासारखी पसरलेली ती गर्दी एकदम दुःखात बुडून जाई.

हा आवाज त्यांनी एस.टी.त कमावला होता. एकतीस वर्षं ते तालुक्याच्या स्टँडवर नियंत्रक होते. ‘उमरग्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे,’ हे वाक्य ते असं भारदस्त म्हणत, की उमरग्याला काही काम नसलेली माणसंसुद्धा पिशवी उचलून उभी राहत. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, तेव्हा त्यांनी माणसं धरली. कामात फारसा फरक पडला नाही. कोण निघालं, कुठं निघालं, एवढंच सांगायचं होतं. त्यांच्या तोंडून दारुडा ‘मनमोकळ्या स्वभावाचा’ होई, सुनांना छळणारी म्हातारी ‘शिस्तप्रिय माउली’ होई, आणि ज्यानं सख्ख्या भावाचा बांध कोरून खाल्ला तो ‘मातीवर जिवापाड प्रेम करणारा’ ठरे. ऐकताना त्या भावाच्याही डोळ्यांत पाणी येई. घरी गेल्यावर तो स्वतःलाच शिव्या देई, ही गोष्ट वेगळी.

याबद्दल तेराव्याला शाल आणि नारळ मिळत असे. तो नारळ आण्णासाहेब कधी फोडू देत नसत.

“सत्काराचं श्रीफळ हाय ते,” ते म्हणत. “आमटीत घालायला न्हाय.”

शालीच्या घडीत नारळ ठेवून ते सगळं मागच्या खोलीतल्या लोखंडी ट्रंकेत रचून ठेवत. ट्रंक भिंतीला टेकलेली, भिंतीपलीकडं न्हाणी. त्यांची बायको धुरपदाबाई बाजारातून विकतचा नारळ आणत आणि ट्रंकेकडं बघत आमटी ढवळत.

आणि अशा माणसाचा आवाज बसला.

पहिल्यांदा बसला तेव्हा सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घालून बघितलं. स्वरयंत्रावर कॅन्सर निघाला. लवकर सापडला म्हणून नुसत्या शेकांवर भागलं. तेहतीस शेक दिले. रोज तोंडावर जाळीचा मुखवटा आवळून टेबलाला जखडायचं आणि गळ्यावर किरणं सोडायची. गळ्याची कातडी तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी झाली, चव गेली, थुंकी आटली. पण गाठ विरघळली आणि आवाज रुपयातला बारा आणे परत आला. त्या बारा आण्यांत आण्णासाहेबांनी सात-आठ मयतं निभावून नेली. गळा गार पडतो म्हणून शाल तेवढी कायमची गळ्याभोवती आली. शालींचा तुटवडा नव्हताच. ट्रंक उघडायची, वरची काढायची, दोन दिवसांनी ती खाली घालून दुसरी काढायची.

आठ-नऊ महिन्यांनी आवाज पुन्हा खरवडायला लागला. गिळताना काच गिळल्यासारखं वाटे. तोंडाला कसलातरी कुबट वास येई. दोघं नवरा-बायको परत सोलापूरला गेले.

कान-नाक-घशाच्या डॉक्टर वृषाली सरवदे वयानं लहान होत्या आणि बोलायला सरळ. त्यांनी दुर्बीण काढून ठेवली.

“काका, पांढरट-करडा चट्टा आहे. कॅन्सर परत आलेला असू शकतो. शेकानं मेलेलं मांस असू शकतं. आणखीही काही असू शकतं. नुसतं बघून कुणीच सांगू शकणार नाही. तुकडा काढून तपासायला पाठवू.”

“आन् परत आला असंल तर?” धुरपदाबाईंनी विचारलं.

“तर स्वरयंत्र काढावं लागेल, मावशी. श्वासासाठी इथं भोक ठेवतात.” त्यांनी स्वतःच्या गळ्याच्या खळगीवर बोट ठेवलं. “माणूस जगतो. आवाज राहत नाही.”

‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ हे शब्द आण्णासाहेबांनी चौदा वर्षं सढळ हातानं वाटले होते. ती पोकळी नेमकी केवढी असते हे त्यांना त्या दिवशी कळलं. पाच रुपयाच्या नाण्याएवढी.

“तुकडा न्हाय काढायचा,” ते म्हणाले आणि उठले.

तुकडा काढला की कॅन्सर अंगभर पसरतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पुराव्यादाखल प्रत्येकाकडं एकेक मेलेला मेव्हणा होता. तुकडा काढेपर्यंत तो ठणठणीत होता, शेतात जात होता, मटण खात होता. मग दवाखान्यात कशाला गेला होता, असं कुणी विचारत नसे.

“आवं, त्या डागदरीण हाईत,” धुरपदाबाई परतीच्या गाडीत म्हणाल्या. “तुमच्या स्टँडावरल्या पाशिंजर न्हाईत, तुमी म्हणाल त्या गाडीत बसायला.”

 आण्णासाहेबांचा हिशेब सरळ होता. गळ्यात भोक पाडून मुक्यानं दहा वर्षं जगण्यापेक्षा आवाजासकट सहा महिन्यांत गेलेलं बरं. आवाज होता म्हणून पुढच्या रांगेत खुर्ची होती. आवाज गेला की ते कोण? एस.टी.ची पेन्शन खाणारा एक म्हातारा. तसे गावात चार होते, आणि ते सगळे स्मशानात ताडपत्रीवर मागं बसत.

आण्णासाहेबांचा ‘परत आलाय’ ही बातमी त्यांच्या गाडीच्या आधी गावात पोचली होती. दुसऱ्या दिवसापासून लोक भेटायला यायला लागले. आण्णासाहेब ओसरीवरच्या खाटेवर बसत, आणि एकच शाल पाहुण्यांना दोनदा दिसू नये म्हणून आता रोज नवी काढत. लोक बिस्किटं, केळी, डाळिंबं आणत. आण्णासाहेबांना गिळवत नसे. बिस्किटं कोंबड्यांना जात, त्या तेवढ्या दोन महिन्यांत बाळसं धरून टुमटुमीत झाल्या.

“काय न्हाय हुत, आण्णा. धीर धरा,” असं म्हणता म्हणता प्रत्येकाची नजर गळ्यावर जाई. मग तो पोटातलं बोले, “तुमच्यामागं आता आमचं कसं हो?”

म्हणजे, आमच्या मयताला कोण बोलणार.

हाच प्रश्न आण्णासाहेबांना रात्रंदिवस खात होता, आणि तो स्वतःच्या मयताबद्दल. चौदा वर्षं नालायकांना देवमाणूस केलं. आता स्वतःची वेळ आली तर माईकवर कोण? सरपंचानं एका श्रद्धांजलीत मयताचंच नाव चुकवलं होतं. उरला गोरोबा.

गोरोबा मंडपवाला. मयताला ताडपत्री, खुर्च्या आणि स्पीकर त्याचाच. ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ एवढं बोलून तो चौदा वर्षं आण्णासाहेबांच्या हातात माईक देत आला होता. आवाज चांगला होता, पण डोकं लग्नाचं. आण्णासाहेब शेक घेत होते तेव्हा एका मयताला त्याला उभं केलं, तर पहिलंच वाक्य म्हणाला, ‘आज आपण सर्व इथं मोठ्या आनंदानं जमलो आहोत.’ मयताच्या मुलींकडच्या पाहुण्यांनी सवयीनं टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या.

अशा माणसाच्या भरवशावर सरणावर चढणं शक्य नव्हतं. आण्णासाहेबांनी दोनशे पानी वही मागवली आणि आपली श्रद्धांजली आपणच लिहायला घेतली. अकरा दिवस लिहीत होते. चौदा वर्षं दुसऱ्यांवर उधळून उरलेलं जे काही खरं होतं, ते त्यांनी त्यात घातलं. ‘हजारो वाटसरूंना त्यांच्या गाडीपर्यंत पोचवणारा हा आवाज आज स्वतःच शेवटच्या गाडीत बसला.’ ‘स्वतः आयुष्यभर फलाटावर उभे राहिले, पण दुसऱ्याला बसायला जागा मिळेल हे पाहिलं.’ एवढंच काय, ‘पत्नीला कधी दुखावलं नाही’ असंही एक वाक्य होतं. ते धुरपदाबाईंना वाचून दाखवल्यावर त्यांनी फक्त मिसरीची डबी शोधली.

मग दुपारी जेवणं झाली की गोरोबाची शिकवणी सुरू झाली. आण्णासाहेबांचा आवाज तोवर खरखरीत कुजबुजीवर आला होता.

“‘शेवटच्या गाडीत बसला’ म्हणल्यावर थांबायचं,” ते सांगत. “लोकांला रडायला टाइम द्यायचा.”

“किती टाइम, आण्णा?”

“दोन श्वास.”

“आन् न्हायच रडले तर?”

“मग तिसरा घे.”

चुलीपाशी बसलेल्या धुरपदाबाई तिथूनच म्हणत, “मला बी सांगून ठिवा, मी कवा रडायचं ते. न्हायतर भाकर टाकलेली असायची तव्यावर.”

गोरोबा मन लावून शिकला. मंडपाची कामं नसायची त्या दिवशी तो छोट्या हत्ती टेंपोच्या केबिनमध्ये बसून मोठ्यानं घोकत असे. महिनाभरात त्याला सबंध भाषण तोंडपाठ झालं. श्वासांसकट. एका दुपारी त्यानं ते शेवटपर्यंत म्हणून दाखवलं, तेव्हा खाटेवर बसलेल्या आण्णासाहेबांना स्वतःच्या जाण्याचं इतकं वाईट वाटलं, की शालीच्या पदरानं डोळे पुसावे लागले.

“ह्ये फकस्त माझ्यासाठी,” ते कुजबुजले. “राखीव.”

“व्हय आण्णा. राखीव म्हंजी राखीव.”

तयारी अशी पूर्ण झाली होती. फक्त मरायचं राहिलं होतं, आणि ते काही होईना. त्याऐवजी एका सकाळी त्यांच्या श्वासातून शिट्टी वाजायला लागली. वही छातीवर धरून ते शांतपणे आडवे झाले आणि गोरोबाला बोलवा अशी खूण केली. धुरपदाबाईंनी गोरोबाला बोलावलं, पण त्याची गाडी घेऊन.

“उचल त्यांला,” त्या म्हणाल्या. “खुर्च्या खाली टाक आन् ह्यांला वर टाक. सोलापूरला चल.”

“पर मावशे, त्यांनी तर तुकडा…”

“माझ्या कपाळावरलं कुकू हाय, तुझा माईक न्हाय. गाडी काढ.”

दवाखान्यात कागदावर सही धुरपदाबाईंनी केली. भूल देऊन तुकडा काढला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. धुरपदाबाई खाली औषधं आणायला गेल्या होत्या. डॉक्टर वृषाली फाईल घेऊन खाटेपाशी आल्या.

“काका, कॅन्सर नाही.”

आण्णासाहेबांनी ‘मग काय?’ अशी हातानं खूण केली.

“बुरशी आहे. शेकानं तुमच्या गळ्यातलं मांस अर्धमेलं झालेलं, त्यात ती रुजली. भाकरीवर येते ना, तिच्यातलाच प्रकार. दोन महिने गोळ्या घ्या, जाईल.”

बोलायला मनाई होती म्हणून उशाला पाटी ठेवलेली. आण्णासाहेबांनी तिच्यावर लिहिलं, ‘आवाज?’

डॉक्टर थोडं थांबल्या. दोन श्वास.

“मी म्हटलं तेव्हा तुकडा काढू दिला असता तर वाचला असता बहुतेक. आता दोन महिन्यांत तिनं आवाजाची एक पट्टी खाल्लीय. ती परत येत नाही. कुजबुज राहील.” मग फाईलीत काहीतरी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “घरात ओल आहे का? कुबट कडबा, बुरसलेलं धान्य, कापड, असं काही तुमच्या जवळपास असतं?”

‘नाही,’ आण्णासाहेबांनी लिहिलं. आणि खाली रेघ मारून, ‘घर स्वच्छ आहे.’

आण्णासाहेब वाचले, हे गावाला फार लागलं. भेटायला येणारे थांबले. आला तो दारातूनच म्हणे, “नुसती बुरशी?” जणू त्यांनी पाहुण्यांना पंक्तीला बसवून ताटात काही वाढलंच नव्हतं. डाळिंबं आणलेल्या नागप्पानं तर तोंडावर बोलून दाखवलं, “आमाला वाटलं, खरंच हाय.”

गोळ्या झाल्या. चट्टा गेला, वास गेला, भाकरी दुधात कुस्करून गिळता यायला लागली. उरली ती कुजबुज. तीसुद्धा शेजारच्या माणसानं कान लावला तर.

आणि मग रंगराव वारला.

रंगराव म्हणजे गावातल्या बावीस जणांवर बावीस दावे लावून बसलेला माणूस. कुणाच्या झाडाची सावली बांधावर पडली म्हणून दावा, कुणाची शेळी वाकड्या नजरेनं बघते म्हणून अर्ज. कोर्टाची तारीख सोडली तर त्यानं उभ्या आयुष्यात गावाची वेस ओलांडली नव्हती. त्याच्या मयताला चारशे माणूस जमलं. प्रतिवाद्यांची घरं आणि साक्षीदार मिळून एवढे होतेच. आण्णासाहेबांना पुढची खुर्ची मिळाली, अजून सवयीनं मिळत होती तोवर.

सरपंच बोलला. माजी सरपंच बोलला. मग गोरोबानं ‘हॅलो, हॅलो’ केलं, पण या वेळी माईक कुणाच्या हातात दिला नाही.

“हजारो वाटसरूंना,” तो म्हणाला, “त्यांच्या गाडीपर्यंत पोचवणारा हा आवाज… आज स्वतःच… शेवटच्या गाडीत बसला.”

आणि थांबला. दोन श्वास.

मागं बायकांत पहिला हुंदका फुटला.

आण्णासाहेब खुर्चीत ताठ झाले. गोरोबा पुढं सरकला. रंगराव आयुष्यभर फलाटावर उभे राहिले. रंगरावांनी दुसऱ्याला बसायला जागा दिली. रंगरावांनी पत्नीला कधी दुखावलं नाही. रंगरावाची बायको कोंडाबाई, जिच्यावर तेविसावा दावा लावायचा तेवढा राहिला होता, तिनं हे ऐकून हंबरडा फोडला. नाव सोडून गोरोबानं एक अक्षर बदललं नव्हतं. रंगरावानं कुठल्या वाटसरूंना कुठल्या गाडीपर्यंत पोचवलं, हे चारशेपैकी एकाच्याही मनात आलं नाही. बावीसच्या बावीस प्रतिवादी रडत होते.

“माझं हाय ते!” आण्णासाहेब ओरडले.

म्हणजे त्यांना ओरडायचं होतं. निघाला तो सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज. त्यांनी पुन्हा जोर केला, गळ्याच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“आवरा आण्णा, आवरा.” मग मागं वळून हळूच म्हणाला, “आण्णांला लई लागलं बगा. रंगराववर जीव हुता त्यांचा.”

कवटी फुटली. माणसं उठली. पांगताना जो तो म्हणत होता, “गोरोबा आण्णापेक्षा बी वरचढ निघाला.”

गोरोबा वायरी गुंडाळत होता. आण्णासाहेबांनी त्याचा दंड धरला.

“राखीव हुतं,” ते कुजबुजले.

“आं?”

“राखीव!”

“ते व्हय!” गोरोबानं वायरीचा वेढा खांद्यावर टाकला. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट भल्या माणसाचं समाधान होतं. “आवं आण्णा, तुमी तर बरं झालात. आता दहा वर्सं काय हुत न्हाय तुमाला. एवढं चांगलं भाषण, पाठ झाल्यालं, नुसतंच कशाला ठिवायचं? बुरसून जाईल की. तुमच्या टायमाला नवं करू.”

“कोण करणार?”

“म्या हाय न्हवं,” गोरोबा म्हणाला आणि स्पीकर गाडीत चढवायला वळला.

दहाएक दिवसांनी रंगरावाचा मुलगा रणधीर ओसरीवर आला. उद्या तेरावा, कीर्तन ठेवलेलं, आणि वडिलांचं आयुष्य एवढं सुंदर मांडलं म्हणून गोरोबाचा सत्कारही.

“नारळ आणलाय. शाल राहिली बगा गडबडीत,” तो धुरपदाबाईंना म्हणाला. “आता सोलापूरला कोण जाणार एका शालीसाठी? आण्णांकडं ढीगभर हाईत म्हणं. एक द्या. आन् शाल घालायची बी आण्णांच्याच हातानं. तेवढाच मान.”

धुरपदाबाईंनी त्याला चहा दिला आणि आत येऊन ट्रंक उघडली. आण्णासाहेब पाठोपाठ आले. दवाखान्यातून आल्यापासून मफलर वापरायची सवय लागली होती, त्यामुळं ट्रंक दोन-अडीच महिने उघडली नव्हती. झाकण वर होताच जो वास आला, तो दोघांनीही ओळखला. हाच वास चार महिने आण्णासाहेबांच्या तोंडाला येत होता.

वरच्या दोन-तीन शाली बऱ्या दिसत होत्या. खाली नारळांचे डोळे पाझरून घड्या चिकटल्या होत्या, भिंतीकडच्या बाजूनं ओल चढली होती, आणि लाल, हिरव्या, मोरपंखी, सोनेरी काठाच्या चौदा वर्षांच्या सगळ्या सन्मानांवर काळपट हिरवी लव उगवली होती. धुरपदाबाईंनी एक शाल चिमटीत उचलली तशी तिच्यातून धूळ उडाली.

त्यांनी ती तशीच परत आत टाकली.

“डागदरीणबाईनं काय इचारलं हुतं का?” मग त्या म्हणाल्या. “घरात बुरसल्यालं काय हाय म्हणून?”

आण्णासाहेबांनी मान हलवून नाही म्हटलं.

धुरपदाबाईंनी नाकाला पदर लावला, हाताला येतील तेवढे नारळ पाटीत भरले आणि मागच्या दारानं उकिरड्याकडं निघाल्या. दोन चांगले निघाले ते तेवढे चुलीपाशी ठेवले. चौदा वर्षांनी घरात सत्काराच्या नारळाची आमटी होणार होती.

आण्णासाहेब ट्रंकेपाशी एकटेच उभे होते. वरची बरी शाल त्यांनी बाजूला सारली. तिच्याखालची सारली. मग हात कोपरापर्यंत आत घालून अगदी तळाची, भिंतीकडची ओढून काढली. मोरपंखी होती, सोनेरी काठाची. पाहुणे येत होते तेव्हा तीही त्यांच्या गळ्याभोवती येऊन गेली होती. खिडकीबाहेर धरून त्यांनी ती दोनदा झटकली, जास्त नाही, आणि डाग आतल्या अंगाला जातील अशी नीट घडी घातली. ओसरीवर येऊन ती रणधीरच्या हातात दिली.

“लई भारी हाय की, आण्णा,” रणधीर म्हणाला.

तेराव्याला त्यांच्याच हातानं सत्कार झाला. लोक शाल खांद्यावर टाकतात. आण्णासाहेबांनी ती गोरोबाच्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन घट्ट बसवली, टोक हनुवटीखाली खोचलं, आणि त्याच्या कानाशी लागून म्हणाले, “थंडी हाय. काढू नको.”

गोरोबानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

त्यानं खरंच काढली नाही. आण्णासाहेबांच्या हातची शाल म्हणजे गादीच मिळाली असं तो सगळ्यांना सांगत असे. लग्नात, मयतात, गाडी चालवताना ती गळ्यात असे. आण्णासाहेब एकही मयत चुकवेनासे झाले. लांबच्या गावांनासुद्धा मिळेल त्या गाडीनं जात, मागं ताडपत्रीवर बसत आणि कान देऊन ऐकत. कुठं खरखर येते का. शब्दाच्या शेवटी हवा जाते का. गोरोबा एकदा मध्येच खोकला तेव्हा ते अर्धवट उठून उभे राहिले. घशात धूर गेला होता.

चार महिन्यांत अकरा मयतं झाली. अकरांपैकी सात जणांनी हजारो वाटसरूंना त्यांच्या गाडीपर्यंत पोचवलं. गोरोबाचा आवाज दिवसेंदिवस मोकळा होत गेला.

पाचव्या महिन्यात आण्णासाहेब तपासणीला सोलापूरला गेले. डॉक्टर वृषालींनी दुर्बीण घातली, काढली, सगळं ठीक असल्याचं सांगितलं. धुरपदाबाई बाहेर चपला घालत होत्या. आण्णासाहेबांनी खिशातून कागद काढून पुढं ठेवला. त्यावर लिहिलं होतं, ‘हे दुसऱ्याला होतं का? एकच शाल वापरली तर?’

डॉक्टरांनी दाराबाहेर बघितलं आणि त्या पहिल्यांदाच हसल्या.

“मावशींची काळजी वाटतेय होय? नाही हो काका. ही बुरशी आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो. चांगल्या गळ्याला तिच्यानं काही होत नाही. त्यासाठी आधी तेहतीस शेक घ्यावे लागतात.”